संरक्षण आदेशाचा वारंवार भंग आणि शिक्षेची एकच पायरी

१९८३ साली भारतीय दंड संहितेत कलम ४९८-अ आले आणि सासरच्या छळाला शिक्षा ठरली. पण त्याच घरात राहून छळ थांबवून घेण्याचा मार्ग स्त्रीला मिळाला नाही. २००२ साली लोकसभेत मांडलेल्या विधेयकाने तो देऊ केला खरा, परंतु मारहाण ‘सवयीने’ होत असेल तरच तिला हिंसाचार म्हणायचे, अशी त्यातील व्याख्या असल्याने महिला संघटनांनी कडाडून विरोध केला. ते विधेयक बारगळले आणि त्याच्या जागी आलेला कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा २००५ साली मंजूर होऊन २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला.

या कायद्याची घडण मुख्यतः दिवाणी आहे. नुसत्या अर्जाने कोणी आरोपी ठरत नाही. दंडाधिकारी कलम १८ खाली संरक्षण आदेश देतात: मारहाण करू नये, तिच्या नोकरीच्या ठिकाणी जाऊ नये, फोन करू नये, स्त्रीधन किंवा बँकेतील लॉकर परस्पर हाताळू नये. हा आदेश मोडला तरच कलम ३१ खाली गुन्हा घडतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्येही स्पष्ट केले. शिक्षा एक वर्षापर्यंत कैद, २०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असून, एकट्या पीडितेच्या साक्षीवरही तो शाबीत धरता येतो.

एवढी धार असूनही आदेश पहिल्यांदा मोडणारा आणि पाचव्यांदा मोडणारा यांच्यासाठी कमाल शिक्षा एकच आहे. पुन्हा गुन्हा करणाऱ्याला जास्त शिक्षा ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. १८६० च्या संहितेतील कलम ७५ मध्ये ती होती, पण नाणी आणि मालमत्तेच्या गुन्ह्यांपुरती. वसाहतकाळातील कायदेकर्त्यांना सराईत चोर दिसला, घरातला मारकुटा दिसला नाही. २०१३ मध्ये, दिल्लीतील २०१२ च्या सामूहिक बलात्कारानंतर नेमलेल्या वर्मा समितीच्या अहवालानंतर, स्त्रीचा पाठलाग करण्याला पहिल्या वेळी तीन आणि पुढच्या वेळी पाच वर्षांपर्यंत कैद ठरली. कलम ३१ मात्र जसेच्या तसे राहिले.

अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात दहा वर्षांच्या मुदतीतील दुसऱ्या भंगाला अधिक शिक्षा असून तिसरा भंग गंभीर गुन्हा ठरतो आणि त्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. अशी चढती शिक्षा आधीच्या दोषसिद्धीवर उभी असते. त्यामुळे आपल्याकडे कलमात दुरुस्ती झाली, तरी पहिल्या भंगाचा खटला रेंगाळला की दुसरा भंगही पहिलाच मोजला जाईल.