रंगीत प्रोजेक्टर : प्रकाशकीय रचना आणि चित्राची गुणवत्ता

तांबड्या, हिरव्या व निळ्या प्रकाशाच्या तीन प्रतिमा पडद्यावर एकावर एक बसवून, किंवा डोळ्याला वेगवेगळ्या कळणार नाहीत इतक्या झपाट्याने एकामागून एक दाखवून, बहुरंगी चित्र उमटवणाऱ्या उपकरणाला रंगीत प्रोजेक्टर म्हणतात. खोक्यावर ल्यूमेन, म्हणजे उजेडाचे माप, आणि पिक्सेलची संख्या ठळक छापलेली असते. चित्र प्रत्यक्षात कसे दिसेल हे मात्र या दोन आकड्यांपेक्षा दिव्यापासून भिंगापर्यंतच्या प्रकाशमार्गावर, आणि त्यातही किरण किती कोनात पसरतात यावर, अधिक अवलंबून असते. या रचनेत उजेड वाढवण्याची जवळजवळ प्रत्येक युक्ती रंगात किंवा काळेपणात काहीतरी गमावूनच साधते.

तीन रंगांच्या झोतांतून चित्र जुळवण्याचा प्रयोग जेम्स क्लर्क मॅक्सवेल यांनी १८६१ च्या मे महिन्यात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये करून दाखवला होता. महाराष्ट्रात १८९० च्या दशकात कल्याणच्या पटवर्धन कुटुंबाने शांबरिक खरोलिकेचे, म्हणजे मॅजिक लँटर्नचे, रंगीत खेळ केले. त्यांत रंग काचपट्टीवर हाताने भरलेले असत, त्यामुळे कंदिलाला फक्त पांढरा उजेड पुरवावा लागे. चित्रपटाच्या रंगीत फिल्मचेही तेच आहे. पुण्यात लॉ कॉलेज रस्त्यावर १९६४ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जतन केलेल्या रंगीत फिल्मच्या प्रत्येक चौकटीत तिन्ही रंग आधीच एकमेकांवर बसलेले असतात. जुळणीचे हे काम फिल्म आणि प्रयोगशाळा मिळून उरकत. डिजिटल प्रोजेक्टरमध्ये ते यंत्राच्या पोटात, दर क्षणी, भिंगे आणि लोलकांना करावे लागते.

दिव्यापासूनच अडचण सुरू होते. झोताच्या छेदाचे क्षेत्रफळ आणि तो ज्या घनकोनात पसरतो तो घनकोन यांच्या गुणाकाराला एटांड्यू म्हणतात. प्रकाश वाया न घालवता हा गुणाकार कोणत्याही भिंगाने किंवा आरशाने कमी करता येत नाही. झोत बारीक केला की तो अधिक फाकतो, आणि फाकणे कमी केले की जाड होतो. चित्र घडवणारी चकती (चिप) जेमतेम दीड-दोन सेंटिमीटरची आणि ती स्वीकारू शकेल तो कोनही मर्यादित असल्यामुळे मोठ्या दिव्याचा बराचसा उजेड आत शिरतच नाही. म्हणून १९९० च्या दशकाच्या मध्यास आलेल्या अतिउच्च दाबाच्या पारादिव्याने प्रोजेक्टरचे रूप पालटले. त्याची ठिणगी सुमारे एक मिलिमीटर लांबीची, आणि पेटलेला असताना आतला दाब वातावरणीय दाबाच्या सुमारे २०० पट असतो. दिवा फुटू शकतो तो या दाबामुळे, आणि फुटलेला दिवा हाताळताना काळजी घ्यावी लागते ती पाऱ्यामुळे.

या दिव्याचा वर्णपट मात्र असमान आहे. पाऱ्याच्या ४३६, ५४६ आणि ५७८ नॅनोमीटरच्या रेषा त्यात उठून दिसतात आणि तांबडा प्रकाश तोकडा पडतो. ५७८ ची पिवळी रेषा ही रचनाकाराची डोकेदुखी असते. ती हिरव्यात सोडली तर हिरवा पोपटी होतो, तांबड्यात सोडली तर तांबडा नारिंगीकडे झुकतो, आणि गाळून टाकली तर ल्यूमेन घटतात. बहुतेक यंत्रांत सर्वांत उजळ पर्याय निवडला की पांढरा रंग हिरवट दिसतो, तो याच तडजोडीमुळे. हळदीकुंकवाच्या छायाचित्रातली हळद अशा पर्यायात लिंबासारखी दिसली तर तो कॅमेऱ्याचा दोष नसतो.

दिव्याचा उजेड मध्यभागी दाट आणि कडेला विरळ असतो. तो समान करण्यासाठी शेकडो चिमुकल्या भिंगांच्या दोन जाळ्या, किंवा आतून परावर्तन करणारी काचेची लांबट दांडी वापरतात. द्रवस्फटिक म्हणजे एलसीडी पॅनलला एकाच दिशेने ध्रुवित झालेला, म्हणजे ज्याची कंपने एकाच दिशेत आहेत असा, प्रकाश लागतो. उरलेला अर्धा फेकून न देता त्याचे ध्रुवण फिरवून तो पुन्हा झोतात मिसळता येतो, पण त्यामुळे एटांड्यू दुप्पट होतो, आणि पॅनल फार लहान असेल तर मिळवलेला उजेड पुढे कडेवरून सांडून जातो.

तीन पॅनलच्या यंत्रात डायक्रोइक आरसे पांढऱ्या झोताचे तीन रंग वेगळे करतात. प्रत्येक रंग आपल्या पॅनलमधून जातो आणि चार त्रिकोणी लोलक चिकटवून केलेल्या घनात तिन्ही पुन्हा एकत्र येतात. हिरवा सरळ आरपार जातो, तर तांबडा आणि निळा आतल्या तिरप्या थरांवरून वळतात. या थरांचा गुणधर्म कोनानुसार बदलतो. किरण अधिक तिरपा आला की थराची सीमा कमी तरंगलांबीकडे सरकते. पॅनलच्या डाव्या आणि उजव्या कडेचे किरण थरावर वेगवेगळ्या कोनांत पडले, तर पडद्याची एक बाजू गुलाबीसर आणि दुसरी हिरवट होते. पांढरी स्लाइड लावली की ते लगेच कळते. यावरचा उपाय म्हणजे प्रत्येक बिंदूच्या किरणशंकूचा अक्ष पॅनलला लंब ठेवणारी, म्हणजे टेलिसेंट्रिक, रचना. त्यासाठी पुढचे भिंग मोठे आणि महाग होते.

दुसरा मार्ग सूक्ष्म आरशांचा. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या लॅरी हॉर्नबेक यांनी १९८७ मध्ये विकसित केलेल्या चकतीवर प्रत्येक पिक्सेलसाठी एक हलता आरसा असतो. रूढ रचनेत तो दोन्ही बाजूंना १२ अंशांनी कलतो, त्यामुळे पडद्याकडे जाणारा आणि बाजूला टाकायचा झोत एकमेकांत मिसळू नयेत म्हणून किरणशंकूचा अर्धकोन साधारण १२ अंशांतच, म्हणजे भिंगाच्या एफ-आकड्यात एफ २.४ च्या आसपास, ठेवावा लागतो. शंकू आणखी अरुंद केला तर काळा अधिक काळा होतो, पण उजेड घटतो. एकच चकती असलेल्या यंत्रात रंग फिरत्या चक्रातून क्रमाने येतात. सेकंदाला ६० चित्रे आणि प्रत्येक चित्रात चक्राचे दोन फेरे असतील तर ते मिनिटाला ७,२०० वेळा फिरते. तरीही नजर झटकन फिरवली की काहींना पांढऱ्या अक्षरांभोवती इंद्रधनुष्यी कडा दिसतात. चक्रात पांढरा खंड घातला की ल्यूमेनचा आकडा फुगतो, पण त्या पांढऱ्याशेजारी तांबडा विटकरी आणि पिवळा शेवाळी दिसतो. पांढऱ्या उजेडाच्या आकड्याबरोबर तिन्ही रंगांच्या उजेडाचा आकडा वेगळा दिलेला नसेल, तर खरेदीदाराने तो जरूर विचारावा.

प्रक्षेपण भिंगाची परीक्षा देवनागरी मजकूर चांगली घेतो. पॅनल आणि भिंग यांच्यामध्ये लोलक ठेवायला जागा लागत असल्यामुळे भिंगाचे मागचे अंतर नाभीय अंतरापेक्षा लांब ठेवावे लागते, आणि अशा असममित भिंगात पार्श्विक वर्णविपथन बळावते, म्हणजे तांबड्या आणि निळ्या प्रतिमांचे आकारमान किंचित वेगळे होते. १,०२४ पिक्सेल रुंदीचे चित्र दोन मीटर रुंद पडद्यावर टाकले तर एक पिक्सेल सुमारे दोन मिलिमीटरचा होतो. काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांची ओळ अगदी वरच्या कडेला ठेवावी आणि पडद्याजवळ जाऊन शिरोरेखा पाहावी. तांबडी प्रतिमा एका पिक्सेलने मोठी असेल तर रेघेच्या वरच्या कडेला तांबडी आणि खालच्या कडेला निळसर झाक दिसते. हीच ओळ पडद्याच्या मध्यावर आणली की झाक नाहीशी होते आणि तळाला नेली की उलटते. झाक सगळीकडे सारखी आणि एकाच दिशेला असेल तर भिंग निर्दोष असून तीन पॅनलची जुळणी सरकलेली आहे, असे समजावे. विशिष्ट अपस्करणाच्या महाग काचांनी पहिला दोष कमी करता येतो. दुसरा कारखान्यातली जुळणी ठरवते, आणि मेनूमधून तो फार तर पूर्ण पिक्सेलच्या टप्प्यांनी, काही यंत्रांत त्याहून बारीक, सावरता येतो.

यंत्र टेबलावरून तिरपे लावून चित्राचा समलंब आकार मेनूमधून चौकोनी करण्याची सवय सर्वत्र आहे. त्यात पिक्सेल नव्याने मोजून बसवले जातात, त्यामुळे शिरोरेखा कुठे जाड, कुठे पुसट होते आणि अनुस्वार लगतच्या मात्रेत मिसळतात. भिंगच वरखाली सरकवता आले तर हे टळते. मात्र त्यासाठी भिंगाने पॅनलपेक्षा बरेच मोठे प्रतिमावर्तुळ व्यापावे लागते.

काळेपणाचा हिशोब अनेकदा यंत्राबाहेरच बिघडतो. पडद्यावरच्या नऊ बिंदूंच्या मोजमापांची सरासरी घेऊन ल्यूमेन काढतात. कॉन्ट्रास्ट, म्हणजे पांढऱ्याच्या उजेडाचे काळ्याच्या उजेडाशी गुणोत्तर, दोन रीतींनी सांगतात. एकीत पूर्ण पांढरा आणि पूर्ण काळा पडदा आळीपाळीने मोजतात. दुसरीत बुद्धिबळाच्या पटासारखे १६ चौकोन एकदम दाखवतात, आणि भिंगात व लोलकांत विखुरणारा प्रकाश तिच्यात उघडा पडतो. पुण्यातल्या एखाद्या जुन्या महाविद्यालयाच्या उंच खिडक्यांच्या वर्गात ३,००० ल्यूमेनचा झोत दोन मीटर रुंद आणि दीड मीटर उंच पडद्यावर टाकला तर प्रत्येक चौरस मीटरवर १,००० ल्यूमेन, म्हणजे १,००० लक्स, मिळतात. खिडकीतून आणि ट्यूबलाइटमधून त्याच पडद्यावर १०० लक्स पडत असतील तर काळ्या भागाचा उजेडही १०० लक्सच राहतो, आणि खोक्यावर १०,००० छापलेले असले तरी प्रत्यक्ष कॉन्ट्रास्ट ११ ला १ इतकाच उरतो. अशा वर्गात अधिक काळेपणाचे यंत्र घेण्यापेक्षा पडद्यावरची ट्यूब बंद करणे शहाणपणाचे. पुण्यातल्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या चंद्रशेखर सभागृहासारख्या, दिवे मंद करता येणाऱ्या बंद जागेत मात्र यंत्राच्या आतला विखुरलेला प्रकाश खरोखर दिसू लागतो. चित्रपटगृहात पडद्यावरच्या पांढऱ्याची ठरलेली दीप्ती प्रति चौरस मीटर ४८ कँडेला इतकीच आहे, कारण तिथे अंधार हा रचनेचाच भाग आहे.

लेसरमुळे एटांड्यूची अडचण बरीच सुटली, कारण लेसरचा झोत मुळातच बारीक आणि सरळ असतो. स्वस्त यंत्रांत निळा लेसर पिवळा फॉस्फर (प्रकाश पडताच स्वतः चकाकणारा पदार्थ) उजळवतो आणि त्या पिवळ्यातून तांबडा गाळून घेतला जातो. तो पुरेसा शुद्ध नसतो. तीन स्वतंत्र लेसरांचे रंग फार शुद्ध असतात, पण पडद्यावर दाणेदार चमचम उमटते. प्रकाश पसरवणाऱ्या फिरत्या विसरकाने ती कमी होते, पूर्ण जात नाही.

एलसीडी यंत्रांत सर्वांत आधी बहुधा निळ्या मार्गावरची ध्रुवणफीत झिजते, कारण निळ्या प्रकाशाची आणि उष्णतेची झळ तिला सर्वाधिक लागते. पांढऱ्या स्लाइडवर पिवळे डाग येऊ लागतात. पुण्याच्या बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीसारख्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारपेठेत असे यंत्र घेऊन जाणाऱ्याने दिवा बदलून घेण्यापूर्वी तांबडी, हिरवी आणि निळी स्लाइड एकेक लावून पाहावी. डाग फक्त निळ्या स्लाइडवर उमटला तर बिघाड त्या मार्गावरचा आहे, आणि नवा दिवा घातल्याने तो जाणार नाही. सूक्ष्म आरशांच्या यंत्रात ध्रुवणफीत नसल्यामुळे हा दोष होत नाही. तिथे आरसे अडकू लागले की पडद्यावर कायमचे पांढरे ठिपके उमटतात, आणि मग चकतीच बदलावी लागते.