लिथियम-८ : एका दिशेला वळवलेल्या केंद्रकांचा झोत

पदार्थाच्या पृष्ठभागाखाली काही नॅनोमीटरवर चुंबकत्व कसं वागतं, हे पाहायला नेहमीचं एनएमआर (अणुकेंद्रकांच्या चुंबकीय प्रतिसादावरून पदार्थ तपासण्याची पद्धत) तोकडं पडतं. त्याला संकेत पकडण्यासाठी एकावर सतरा शून्यं इतकी केंद्रकं लागतात. व्हँकुव्हरच्या ट्रायम्फ प्रयोगशाळेत तेच काम कोटभर लिथियम-८ केंद्रकांत भागतं. लिथियम-८ हे लिथियमचं किरणोत्सारी रूप, त्याची केंद्रकं तुटताना इलेक्ट्रॉन सोडतात.

याचं मूळ १९५७ सालात आहे. भौतिकशास्त्रज्ञ चिएन-शिउंग वू यांनी अतिशीत, किरणोत्सारी कोबाल्ट-६० ची केंद्रकं चुंबकीय क्षेत्रात एका दिशेला वळवली, तेव्हा त्यांतून सुटणारे इलेक्ट्रॉन सगळीकडे सारखे जात नाहीत, स्पिनच्या (केंद्रकाच्या अंगभूत फिरकीच्या) उलट दिशेला जास्त जातात, असं दिसलं. निसर्ग डावं-उजवं करतो, ही तेव्हा खळबळजनक बातमी होती. पदार्थ अभ्यासणाऱ्यांना मात्र त्यातून फुकटात एक होकायंत्र मिळालं: इलेक्ट्रॉन कुठे जास्त गेले ते मोजा, केंद्रक कुठे वळलंय ते कळतं. दोनच वर्षांनी, १९५९ मध्ये, डी. कॉनर यांनी लिथियम-८ वर ही युक्ती वापरलीही. त्यांनी ध्रुवित (स्पिन एकाच दिशेला असलेले) न्यूट्रॉन शोषायला लावून केंद्रकं वळवली होती.

झोतातली केंद्रकं वळवायला दुसरा शोध कामी आला. आल्फ्रेड कास्टलर यांनी १९५० मध्ये मांडलेल्या ‘ऑप्टिकल पंपिंग’मध्ये वर्तुळाकार ध्रुवित प्रकाश अणूला पुन्हापुन्हा ढकलत एकाच स्पिन-स्थितीत नेऊन बसवतो. त्याबद्दल त्यांना १९६६ चं नोबेल मिळालं. युरोपातल्या सर्न प्रयोगशाळेच्या आयसोल्डे या किरणोत्सारी झोतांच्या केंद्रात १९८० च्या दशकात याच मार्गाने लिथियम-११ चं चुंबकीय आघूर्ण (केंद्रकाच्या चुंबकत्वाचं माप) मोजलं गेलं.

अडचण खरी विद्युतभाराची होती. झोतात असतात ते आयन, म्हणजे एक इलेक्ट्रॉन गमावलेले अणू. लिथियमच्या आयनाचं कवच पूर्ण भरलेलं, त्यामुळे हाताशी असलेल्या लेसरला तो दादच देत नाही. म्हणून धावत्या आयनाला वाटेत सोडियमच्या वाफेतून नेऊन एक इलेक्ट्रॉन उसना द्यायचा. मग समोरून ६७१ नॅनोमीटरचा लेसर. लिथियमचा क्षार ज्योतीत धरला की दिसतो तोच तांबडा रंग. पुढे हेलियम वायूत तो इलेक्ट्रॉन काढून घ्यायचा, म्हणजे आयनाचा मार्ग पुन्हा हवा तसा बदलता, त्याला थोपवता येतं. मला या सगळ्यात ही देवघेवच सर्वांत देखणी वाटते. हे सगळं भराभर उरकावं लागतं, कारण लिथियम-८ चं अर्धायुष्य (निम्मी केंद्रकं तुटायला लागणारा वेळ) जेमतेम ०.८४ सेकंद. एवढं करून सुमारे ७० टक्के ध्रुवीकरण, म्हणजे स्पिन एका दिशेला वळण्याचं प्रमाण, हाती लागतं.

नमुन्यालाच विद्युतदाब देऊन आयनांचा वेग कमी-जास्त केला की ते काही नॅनोमीटरपासून सुमारे दोनशे नॅनोमीटरपर्यंत, हव्या त्या खोलीवर रुजतात.