पायाच्या खोल शिरेतली गुठळी म्हणजेच डीव्हीटी

पायाच्या आत, स्नायूंच्या मधून जाणाऱ्या मोठ्या शिरेत रक्त गोठून गुठळी होते तिला डीव्हीटी (डीप व्हेन थ्रॉम्बोसिस) म्हणतात. कातडीखाली फुगून दिसणाऱ्या व्हेरिकोजच्या शिरा वेगळ्या, ही गुठळी वरून दिसतच नाही आणि म्हणूनच मराठवाड्यात घरोघरी ती लचक समजून तेल लावून चोळली जाते, जे अजिबात करू नये.

चालताना पोटरी आवळते आणि रक्त वर ढकलते, माणूस पडून राहिला की रक्त तुंबतं. शिरेला आतून इजा झाली किंवा रक्तच जास्त गोठणारं झालं तरी गुठळी होते. खुब्याचं फ्रॅक्चर, मोठं ऑपरेशन, कॅन्सर, गर्भनिरोधक गोळ्या, लातूर-नांदेडहून मुंबईपर्यंत रात्रभर एकाच सीटवर बसून प्रवास, ही नेहमीची कारणं.

पण सगळ्यात जास्त सांगावं वाटतं ते बाळंतिणीबद्दल. गरोदरपणात रक्ताची गोठण्याची ताकद वाढते आणि बाळंतपणानंतरचे पहिले 6 आठवडे धोका सगळ्यात जास्त, म्हणजे आपला सव्वा महिनाच, आणि नेमकं तेव्हाच तिला बाजेवरून उठू देत नाहीत, पाणीही मोजून देतात, त्यात सिझेरियन असेल तर धोका अजून वाढतो. शेक-शेगडी, डिंकाचे लाडू सगळं करा, पण डॉक्टरांनी परवानगी दिली की लगेच तिला उठून चालू द्या आणि पोटभर पाणी प्यायला द्या.

एकच पाय सुजला (गरोदरपणात बहुतेक करून डावा), पोटरी दुखते, गरम लागते, तर त्याच दिवशी दाखवावं. पायाची डॉपलर सोनोग्राफी (शिरेतला रक्तप्रवाह दाखवणारी तपासणी) केली की बहुतेक वेळा निदान होतं. गुठळी तुटून फुप्फुसात गेली तर अचानक दम लागतो, छातीत दुखतं, कधी थुंकीत रक्त येतं, चक्कर येऊन माणूस पडतो, जीवही जातो, अशा वेळी लगेच 108 ला फोन करायचा.

उपचार म्हणजे रक्त पातळ ठेवणारी औषधं, किमान 3 महिने, आणि सूज उतरली म्हणून मधेच सोडायची नाहीत. त्यातली वॉरफेरिनची गोळी चालू असेल तर आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारी रक्ताची तपासणी) तपासत राहावं लागतं, मेथी-पालक बंद करायची गरज नाही फक्त रोजच्या खाण्यात एकदम कमीजास्त करू नये. अंगावर पाजणाऱ्या आईला हेपरिनचं इंजेक्शन आणि वॉरफेरिन दोन्ही चालतात, बाळाचं दूध तोडावं लागत नाही.