एसयूचा नट आणि सोलेक्सचा स्क्रू: दोघांचं काम एक नाही

बडोद्यात एखादी जुनी अ‍ॅम्बॅसडर किंवा पद्मिनी पुन्हा रस्त्यावर आली की तक्रारी ठरलेल्या: पिकअप नाही, प्लग काळे पडतात, अ‍ॅव्हरेज बसत नाही. त्यावर सल्लाही ठरलेला: "मिक्श्चरचा स्क्रू अर्धा आटा फिरवून बघा." कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवेचं मिश्रण करणारा भाग, कुठला आहे हे कुणी विचारत नाही, आणि सगळा घोळ तिथेच सुरू होतो.

पद्मिनीचा सोलेक्स कार्बोरेटर बहुतेकांच्या हाताखालून गेलेला असतो, म्हणून त्याबद्दल थोडक्यात. इंजिन गरम करा. मिक्श्चरचा स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत बसवून दीड आटा बाहेर काढा. आयडल, म्हणजे पाय न दाबता इंजिन चालतं तो वेग, थोडं वाढवा, इंजिन लडखडेपर्यंत स्क्रू उघडा, मग सुरळीत चालेपर्यंत आत घ्या आणि शेवटी स्पीडच्या स्क्रूने आयडल खाली आणा. स्क्रू जोर लावून आवळू नका. टोकाला खाच पडली की तो पुन्हा कधीच नीट सेट होत नाही.

एसयू हा दुसरा कार्बोरेटर मॉरिस मायनरवर, जुन्या एम.जी.वर आणि बऱ्याच जुन्या अ‍ॅम्बॅसडरवर भेटतो. वर घुमटासारखी टोपी असते, तिच्यात वर-खाली होणारा पिस्टन, पिस्टनला सुई आणि सुईखाली जेट, म्हणजे पेट्रोल येण्याचं बारीक भोक. एचएस मालिकेत जेटच्या खाली जो षटकोनी नट असतो, तोच मिक्श्चरचा नट. तो वर चढवला की जेट वर जातं आणि मिश्रण लीन होतं, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडतं. खाली उतरवला की रिच, म्हणजे पेट्रोल जास्त. फिरवण्याचं माप आटा नाही, फ्लॅट, म्हणजे षटकोनाची एक बाजू.

आता मुख्य फरक. सोलेक्सचा स्क्रू फक्त आयडलपुरता आहे. थ्रॉटलची, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटरने उघडणारी, पट्टी जवळजवळ बंद असताना पेट्रोल एका बारीक भोकातून येतं आणि स्क्रू ते भोक कमी-जास्त करतो. पट्टी उघडली, व्हेंचुरीतून, म्हणजे कार्बोरेटरच्या अरुंद गळ्यातून, हवा जोराने ओढली जाऊ लागली की काम मेन जेटकडे जातं. मग स्क्रू कितीही फिरवा, गाडी रस्त्यावर जशी होती तशीच राहते. एसयूमध्ये वेगळं आयडल सर्किटच नाही. आयडलपासून पूर्ण थ्रॉटलपर्यंत तेच जेट आणि तीच सुई. त्यामुळे नट एक फ्लॅट हलवला तर परिणाम सगळीकडे होतो, आयडलला जास्त आणि वरच्या वेगाला कमी, पण सगळीकडे.

हे विसरलं की दोन्हीकडे नुकसान होतं. हालोल रोडवर साठच्या वेगाला सोलेक्सची गाडी लीन चालत असेल आणि तुम्ही स्क्रू उघडत गेलात, तर आयडलला काळा धूर येईल, प्लगवर काजळी धरेल, आणि वेगात इंजिन तितकंच लीन राहून तापत राहील. एसयूमध्ये आयडल शांत व्हावं म्हणून नट खाली उतरवत बसलात, तर पुऱ्या प्रवासभर पेट्रोल जास्त जाईल.

म्हणून तपासण्याची रीतही वेगळी. एसयूमध्ये बाजूची पिन दाबून पिस्टन जेमतेम एक मिलिमीटर उचला. इंजिनचा वेग वाढला आणि वाढलेलाच राहिला तर रिच, इंजिन पडू लागलं तर लीन, क्षणभर किंचित वाढून जागेवर आला तर बरोबर. सोलेक्समध्ये रस्त्यावरचं मिश्रण पाहायचं तर काही किलोमीटर एका वेगाने चालवा, क्लच दाबून इग्निशन बंद करा, कडेला थांबा आणि प्लग काढा. पांढराफटक म्हणजे लीन, काजळी म्हणजे रिच. गाडी आयडलवर घरी आणून मग प्लग पाहिलात तर तो आयडलचा रंग दिसतो, रस्त्याचा नाही.

ई-२० पेट्रोलने हा फरक आणखी महत्त्वाचा केला आहे. साध्या पेट्रोलला वजनाने साधारण १४.७ पट हवा लागते, २० टक्के इथेनॉल असलं की साडेतेरा पटीच्या आसपास. जुनं सेटिंग तसंच ठेवलं तर गाडी सात-आठ टक्के लीन होते. एसयूमध्ये नट एकेक फ्लॅट खाली घेत पिनने तपासलं की बऱ्याचदा भागतं. सोलेक्समध्ये स्क्रूने फक्त आयडल सुधारेल; रस्त्यासाठी मेन जेट बदलावंच लागतं. १२० नंबरच्या जागी १२५ नंबरचं घातलं तर भोकाचं क्षेत्रफळ साडेआठ टक्क्यांनी वाढतं.

बाकीचे फरक किरकोळ आहेत. बुलेटवर हात बसलेले मिस्त्री "आवळलं की रिच" म्हणतात, कारण तिथे तो हवेचा स्क्रू आहे. इंजिनच्या बाजूचा स्क्रू आवळला की लीन, एअर फिल्टरच्या बाजूचा आवळला की रिच, एवढं लक्षात ठेवा.

एसयूला नट लावण्याआधी तीन गोष्टी पाहा. पिस्टन उचलून सोडला की 'टक्' असा आवाज करत खाली बसला पाहिजे. अडखळला तर जेट मध्यभागी नाही, किंवा आत घाण आहे. चोकच्या केबलला दीडेक मिलिमीटर ढील हवी, नाहीतर जेट कायम खाली ओढलेलं राहतं. टोपीतलं तेल २० ग्रेडचं, पिस्टनच्या पोकळ दांड्याच्या वर अर्धा इंच. तेल संपलं की पाय दाबताच गाडी धक्का खाते आणि लोक मिक्श्चर लीन आहे असं समजून नट फिरवतात.

सोलेक्सचा स्क्रू पूर्ण आत घेऊनही इंजिनात फरक पडत नसेल तर स्क्रूला हात लावणं थांबवा. स्पीडच्या स्क्रूने थ्रॉटल जास्त उघडलेलं आहे, नाहीतर मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून किंवा झिजलेल्या थ्रॉटल स्पिंडलमधून हवा आत जाते आहे. आणि स्क्रू उघडूनही आयडल धरत नसेल तर बहुधा पायलट जेट, म्हणजे आयडलचं जेट, चोंदलेलं असतं. जेट तारेने कोरू नका, भोक मोठं होतं आणि त्यावरचा नंबर खोटा ठरतो. पेट्रोलमध्ये भिजवा आणि हवेच्या दाबाने साफ करा.