लेझरला फक्त काळं दिसतं

“मावशी, हात फिरवून बघ.” भाचीने हात पुढे केला. दोन दिवसांपूर्वीच तिने रेझर फिरवला होता. वरून खाली बोट नेलं तर गुळगुळीत, उलट नेलं की खरखर. मग तिने काख दाखवली. तिथे तीन लाल पुटकुळ्या होत्या आणि त्यातल्या एकीत, कातडीच्या आत वेटोळं घालून बसलेला केस स्पष्ट दिसत होता. रोज बोरिवली ते चर्चगेट प्रवास, लेडीज डब्यात वरचं हँडल धरून उभं राहायचं, मे महिन्याचा घाम. संध्याकाळपर्यंत काख नुसती चुरचुरत असते. “ऑफिसातल्या दोघींनी केस काढायला लेझर करून घेतलंय. मी करू का?”

तिच्या आईचं म्हणणं वेगळंच, की रेझर लावल्यामुळेच केस जाड झाले. हे मात्र खरं नाही. मिल्ड्रेड ट्रॉटर या अमेरिकी शास्त्रज्ञ बाईंनी १९२८ मध्येच मोजमाप करून दाखवलं होतं, की दाढी केल्याने केसांची जाडी वाढत नाही आणि वाढीचा वेगही वाढत नाही. केस नैसर्गिकरीत्या टोकाकडे निमुळता होत जातो. रेझर त्याला मधूनच कापतो, म्हणून बाहेर येणारं टोक बोथट असतं आणि बोटाला टोचतं. जाडी तीच, फक्त आता जाड भागच वर येतो. कुरळा केस असा आखूड कापला गेला, की कधी वळून परत कातडीत शिरतो. इन्ग्रोन म्हणतात तो हाच. मानेवर दाढीचे कुरळे केस असलेल्या पुरुषांना याचा त्रास फार होतो, आणि रोज गुळगुळीत दाढी ज्यांना नोकरीसाठी सक्तीची आहे त्यांची तर सुटकाच नसते.

आता लेझर. पहिला लेझर थिओडोर माइमन यांनी १९६० मध्ये माणकाच्या कांडीतून चमकवला. केसांपर्यंतची वाट मोकळी झाली ती १९८३ मध्ये. रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश या दोन अमेरिकी संशोधकांनी मांडलं, की प्रकाशाचा रंग आणि झोताचा कालावधी नीट निवडला, तर कातडीतली एकच गोष्ट तापवता येते आणि शेजारची तशीच ठेवता येते. ही कल्पना मला आजही थक्क करते. सुरी नाही, रसायन नाही. एखाद्या वस्तूचा रंग आणि आकार एवढ्यावरून तिला तिच्या शेजाऱ्यांतून वेगळं काढायचं.

केसाच्या बाबतीत तो रंग म्हणजे मेलॅनिन, केसाला काळेपणा देणारं द्रव्य. लेझरचा प्रकाश कातडीतून आत जातो, केसातलं मेलॅनिन तो शोषून घेतं आणि केस तापतो. यात एक गंमत आहे. ज्या पेशी खरोखर जायबंदी करायच्या असतात, म्हणजे नवा केस घडवणाऱ्या मूळपेशी, त्यांच्यात रंग जवळजवळ नसतोच. त्यांना लेझर थेट गाठू शकत नाही. केस आधी तापतो आणि त्याची धग बाजूच्या पेशींपर्यंत पोचते. तव्यावर ठेवलेल्या उलथन्याचा दांडा तापून हाताला चटका बसावा, तसं.

म्हणून केस मुळाशी जागेवर असायलाच हवा. वॅक्सिंग, थ्रेडिंग किंवा चिमट्याने उपटणं म्हणजे तो दांडाच काढून टाकणं. लेझरच्या आधी चारेक आठवडे हे सगळं बंद करायला सांगतात ते यासाठी. रेझर मात्र चालतो, नव्हे, सिटिंगच्या आदल्या दिवशी किंवा त्याच दिवशी शेव्ह करूनच जायचं असतं. वर केस राहिला तर तो बाहेरच जळतो आणि कातडीला चटका देतो. भाचीला हे ऐकून धक्का बसला. तिला वाटलं होतं, लेझर म्हणजे रेझरला रामराम. निदान पहिलं वर्षभर तरी दोघांची जोडी असते.

वर्षभर अशासाठी, की सगळे केस एकाच वेळी वाढत नसतात. प्रत्येक केस काही काळ वाढतो, मग थांबतो, गळतो, आणि ती जागा काही काळ रिकामी राहते. वाढीच्या काळातला केसच मुळाशी घट्ट जोडलेला आणि मेलॅनिनने भरलेला असतो. लेझरची खरी मात्रा त्यालाच लागू पडते. आज झोपलेले केस दीड-दोन महिन्यांनी जागे होतात, तेव्हा परत जायचं. साधारण सहा ते आठ सिटिंग, चेहऱ्यावर चार ते सहा आठवड्यांच्या आणि अंगावर सहा ते आठ आठवड्यांच्या अंतराने.

आता आपल्याकडचा मुख्य प्रश्न. मेलॅनिन केसात असतं तसं कातडीतही असतं. लेझरला केस आणि कातडी हा फरक कळत नाही, त्याला फक्त काळं दिसतं. गोऱ्या कातडीवर काळा केस असेल तर काम सोपं. अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञ टॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ मध्ये उन्हाला कातडी कशी वागते यावरून जी वर्गवारी सुरू केली, तिच्यात आज अगदी गोऱ्यापासून अगदी काळ्यापर्यंत सहा प्रकार धरतात आणि आपल्यापैकी बहुतेकजण चौथ्या-पाचव्यात बसतात. सुरुवातीचे माणकाचे लेझर ६९४ नॅनोमीटर तरंगलांबीचे होते (प्रकाशाचा रंग या तरंगलांबीवर ठरतो). तो लाल प्रकाश मेलॅनिन इतका ओढून घेतं, की सावळ्या कातडीवर भाजण्याचा धोका मोठा.

यावर उत्तर निघालं ते लांब तरंगाचं. तरंगलांबी वाढवली की मेलॅनिनची ओढ कमी होते आणि प्रकाश खोलवर जातो. असे तीन लेझर वापरात आहेत: अलेक्झांड्राइट ७५५ नॅनोमीटरचा, डायोड साधारण ८१०चा, एनडी-याग १०६४चा. सावळ्या आणि गडद रंगासाठी एनडी-याग सर्वांत सुरक्षित मानतात. डायोडही जपून वापरला तर आपल्याकडे चांगला चालतो. अलेक्झांड्राइट गोऱ्या कातडीसाठी उत्तम, आपल्यासाठी जोखमीचा.

दुसरी युक्ती वेळेची, आणि ती कोणत्याही मुंबईकराला वडापावच्या गाडीवर कळते. कढईतून एकदमच निघालेला चुरा आणि वडा समोर ठेवा. चुरा हातात घेईपर्यंत गार होतो आणि वड्यातला बटाटा पाच मिनिटांनीही जीभ भाजतो. लहान वस्तू उष्णता लवकर सोडते, मोठी धरून ठेवते. कातडीचा वरचा पातळ थर काही मिलिसेकंदांत गार होतो, जाड केसाच्या मुळाला दहापट वेळ लागू शकतो. तेव्हा झोत थोडा लांबवायचा. कातडी तापता तापता उष्णता टाकत राहते, केस मात्र साठवत जातो. जोडीला यंत्राचं थंडगार टोक किंवा गार हवेचा झोत कातडीवर असतो.

यावरूनच कळतं, की बारीक, फिकट लव लेझरला दाद का देत नाही. तिच्यात रंगही कमी आणि ती चुऱ्यासारखी पटकन गारही होते. पांढऱ्या केसात तर मेलॅनिनच नाही. माझ्या हनुवटीवरच्या चार पांढऱ्या केसांना लेझरचा काडीचा उपयोग नाही. त्यांना इलेक्ट्रोलिसिस, म्हणजे एकेका केसाच्या मुळाशी बारीक सुई घालून वीज सोडणं.

चेहऱ्याबद्दल मी भाचीला जरा कडकच बोलले. गालावर, जबड्याच्या कडेला बारीक लव असताना तिथे लेझर मारला, तर काहींना केस कमी होण्याऐवजी वाढतात. हे का होतं ते पूर्ण उलगडलेलं नाही, पण दक्षिण आशियाई स्त्रियांत आणि पीसीओडी, म्हणजे अंडाशयाशी निगडित हार्मोन्सचा बिघाड, असलेल्यांत हे जास्त दिसतं. हनुवटीवर दाट केस आणि पाळीही अनियमित असेल, तर आधी डॉक्टरकडे जाऊन हार्मोन्सची तपासणी करावी. हार्मोन्स नवीन केस जाड करत राहणार असतील, तर एकटा लेझर पुरा पडणार नाही.

“कायमचे जातात ना पण?” अमेरिकेच्या औषध प्रशासनाने लेझरला मान्यता देताना शब्द वापरला तो केस कायमचे ‘कमी होणं’ हा, नाहीसे होणं नव्हे. बरेच केस जातात, उरतात ते बारीक आणि फिके होतात, अधूनमधून एखादं सिटिंग लागतं. पॅकेजच्या पाटीवर दुसरं काही लिहिलं असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका.

आणखी एक गोष्ट मनापासून सांगते. दुखू नये म्हणून बधिर करणारं मलम पायभर चोपडून वर प्लास्टिक गुंडाळणं जिवावर बेतू शकतं. अमेरिकेत लेझरआधी असं केलेल्या दोन तरुण मुली दगावल्या. त्यानंतर २००७ मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने इशारा दिला. औषध कातडीतून रक्तात उतरतं आणि हृदयाचे ठोके बिघडवतं. मलम लावायचंच तर डॉक्टर सांगतील तेवढंच, तेवढ्याच जागेवर.

भाची शेवटी एका त्वचारोगतज्ज्ञांकडे गेली आणि पहिल्याच दिवशी परत आली. आदल्या रविवारी मैत्रिणींबरोबर अलिबागच्या किनाऱ्यावर दिवस घालवला होता, हात रापले होते. रापलेली कातडी म्हणजे ताजं मेलॅनिन. डॉक्टरबाईंनी पॅच टेस्टसुद्धा, म्हणजे छोट्याशा जागेवर लेझर मारून बघणंसुद्धा, केली नाही, सनस्क्रीन लिहून दिलं आणि महिन्याने यायला सांगितलं. मला त्या बाई तिथेच आवडल्या. भाजून पडलेला काळा डाग आपल्या कातडीवरून जायला कित्येक महिने घेतो.

महिन्याने फक्त काखांचं ठरलं. तिथले केस जाड आणि काळेभोर, लेझरला हवे तसे. हातांवर लवच जास्त, तिथे रेझरच. डोळ्यांवर चष्मा, थंड टोक, रबर ताणून सोडल्यासारखा चटका आणि केस जळल्याचा वास, असं तिने वर्णन केलं. दहा-बारा मिनिटांत दोन्ही काखा झाल्या.

दहाव्या दिवशी तिचा घाबरलेला फोन आला. “मावशी, केस परत वाढायला लागले.” मी म्हटलं, उपटू नकोस, अंघोळ झाल्यावर टॉवेलने हलकेच पूस. अर्ध्या तासाने तिने फोटो पाठवला. पांढऱ्या टॉवेलवर बाजरीच्या दाण्याएवढे, आखूड, काळे खुंट पडले होते. जळलेल्या मुळांतून सुटलेले केस कातडीबाहेर सरकत आले होते आणि तिला त्यांची जराही कळ जाणवली नव्हती.