आरोग्यधोरणाचा अभ्यास सर्वांसाठी खुला कसा झाला

आरोग्यावरच्या खर्चापैकी किती पैसा सरकार देतं आणि किती थेट रुग्णांच्या खिशातून जातो, हे बहुतेक देशांबाबत आज कुणालाही घरबसल्या फुकट पाहता येतं. ही सोय अलीकडची आहे आणि ती भांडून मिळवावी लागली.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाने १९७१ मध्ये ‘मेडलाइन’ ही संशोधनलेखांची सूची ऑनलाइन आणली. पण ती वापरायला शुल्क पडे आणि शोध घ्यायचा तर बहुधा प्रशिक्षित ग्रंथपाल गाठावा लागे. जून १९९७ मध्ये ‘पबमेड’च्या रूपाने ती सर्वांना मोफत झाली. लेख मात्र वर्गणीच्या कुलपातच राहिले. संशोधनाचा खर्च करदात्यांनी उचलायचा आणि वाचायचे पैसेही त्यांनीच मोजायचे, हा उघड अन्याय होता. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी २००८ पासून आपल्या अनुदानावरचे लेख १२ महिन्यांच्या आत खुले करणं बंधनकारक केलं, तेव्हा कुठे तो थोडा दूर झाला.

पण औषध गुणकारी आहे एवढं कळून धोरण कळत नाही. पैसे कोण भरतं, डॉक्टर कुठे नेमले जातात, निर्णय कोण घेतं, हेही समजावं लागतं. जागतिक आरोग्य संघटनेने २००० साली १९१ देशांच्या आरोग्यव्यवस्थांची क्रमवारी लावली. फ्रान्स पहिला आला, अमेरिका ३७वी. पद्धतीवर कडाडून टीका झाली आणि तशी क्रमवारी संघटनेने पुन्हा लावली नाही. माझ्या मते टीका रास्त होती, पण देशादेशांची तुलना करावी तरी कशी, हा प्रश्न त्यातून सर्वांसमोर आला.

या प्रश्नाचं मला सर्वात पटलेलं उत्तर म्हणजे १९९८ मध्ये स्थापन झालेल्या युरोपीय आरोग्यव्यवस्था वेधशाळेचे, म्हणजे आरोग्यव्यवस्थांचा अभ्यास करणाऱ्या संस्थेचे, देशवार अहवाल. सगळ्यांचा साचा एकच: कारभार, वित्तपुरवठा, मनुष्यबळ, सेवा, सुधारणा. दोन देशांची वित्तपुरवठ्याची प्रकरणं शेजारी ठेवली की कर आणि विमा यांतला फरक आपसूक उलगडतो. नवख्याने सुरुवात इथूनच करावी. हे अहवाल मोफत उतरवून घेता येतात.

आकडे आणखी उशिरा सुटले. सार्वजनिक आकडे सर्वांना मिळालेच पाहिजेत, असा आग्रह स्वीडनचे डॉक्टर आणि प्राध्यापक हान्स रोसलिंग वर्षानुवर्षं धरत होते. जागतिक बँकेने एप्रिल २०१० मध्ये आपले विकास निर्देशांक, म्हणजे देशोदेशींच्या विकासाचे आकडे, खुले केले. तोवर त्यांना वर्गणी होती.

अभ्यासक्रमांची वाट मात्र मध्येच अरुंद झाली. जॉन्स हॉपकिन्सच्या सार्वजनिक आरोग्य विद्यालयाने २००५ पासून व्याख्यानांचं साहित्य मोफत दिलं. २०१२ मध्ये ‘कोर्सेरा’ हे ऑनलाइन अभ्यासक्रमांचं संकेतस्थळ आलं, पण पुढे तिथे प्रमाणपत्राला आणि अनेक ठिकाणी गृहपाठ तपासून घेण्यालाही पैसे पडू लागले.

त्याउलट, जागतिक आरोग्य संघटनेची २०१६ च्या अखेरीपासूनची बहुतेक प्रकाशनं अशा परवान्याखाली आहेत की, नफ्याचा हेतू नसेल तर कुणीही परवानगी न मागता त्यांचा अनुवाद करू शकतो. हा अनुवाद संघटनेने केलेला नाही, एवढी नोंद त्यावर हवी.