लिपिटॉरचे ३६ टक्के आणि खालची बारीक टीप

२००६ ते २००८ च्या सुमारास अमेरिकेत फायझर कंपनीच्या लिपिटॉर या कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या गोळीची जाहिरात मासिकांत, टीव्हीवर सगळीकडे होती, कृत्रिम हृदयासाठी प्रसिद्ध असलेले रॉबर्ट जार्विक त्यात दिसायचे आणि मोठ्या अक्षरात लिहिलेलं असायचं की हार्ट अटॅकचा धोका ३६ टक्क्यांनी कमी. छापील जाहिरातीत आकड्याला एक स्टार, आणि त्या स्टारची टीप खाली बारीक टाइपात: एका मोठ्या ट्रायलमध्ये प्लासिबो म्हणजे नुसती साखरेची गोळी घेणाऱ्यांपैकी ३ टक्के लोकांना अटॅक आला, लिपिटॉर घेणाऱ्यांपैकी २ टक्के लोकांना.

दोन्ही वाक्यं खरीच आहेत. ट्रायलचं नाव अ‍ॅस्कॉट, १०,३०५ लोक, सगळे बीपीवाले आणि शिवाय हृदयविकाराचे बाकीचेही धोके असलेले, फॉलोअप साधारण ३.३ वर्षांचा. नेमके आकडे ३.० आणि १.९, म्हणजे ३ मधले १.१ कमी झाले, त्याचे होतात साधारण ३६ टक्के. आता शंभर माणसं धरा. ९७ जणांना गोळी न घेताही तेवढ्या काळात अटॅक आला नसता, दोघांना गोळी घेऊनही आला, एक जण वाचला. तो एक जण माझ्या लेखी लहान नाही, आणि ही गोळी, अटोरवास्टॅटिन, आपल्याकडेही कितीतरी घरांत रोज घेतली जाते, ती हे वाचून कुणी डॉक्टरांना न विचारता बंद करू नये. पण पेशंटला आधी कळायला हवं ते टीपेतलं वाक्य, मथळ्यातलं नाही.

मग हे चाललं कसं? त्यासाठी १९६२ पर्यंत मागे जावं लागतं. थॅलिडोमाइडमुळे युरोपात हजारो बाळं व्यंग घेऊन जन्मली, त्या धक्क्यात अमेरिकेत केफॉवर-हॅरिस कायदा झाला, औषध खरंच काम करतं याचा पुरावा मागितला जाऊ लागला आणि प्रिस्क्रिप्शनच्या औषधांच्या जाहिरातींवरची देखरेख एफटीसी या व्यापार आयोगाकडून एफडीए या औषध नियामक संस्थेकडे आली. जाहिरातीत साइड इफेक्ट आणि औषध कुणी घेऊ नये हेही सांगायचं, फायदा आणि धोका यांचा तोल राखायचा, असा नियम आला. चांगलाच नियम होता तो, पण तेव्हा जाहिरात वाचणारा डॉक्टर होता.

१९८१ पासून कंपन्या थेट लोकांकडे वळायला लागल्या, १९८३ मध्ये एफडीएने जरा थांबा म्हटलं, १९८५ मध्ये ती विनंती मागे घेतली, आणि १९९७ ला टीव्हीसाठी सवलत मिळाली: मुख्य धोके सांगा, बाकीची माहिती कुठे मिळेल तेवढं दाखवा. तिथून पूरच आला. मर्क कंपनीच्या व्हायॉक्स या सांधेदुखीच्या गोळीचं प्रकरण यातलंच. तिच्या विगॉर नावाच्या ट्रायलमध्ये नॅप्रोक्सेन या दुसऱ्या वेदनाशामकाच्या तुलनेत हार्ट अटॅक चार ते पाच पट दिसले, ते प्रचारात हलकं करून सांगितलं म्हणून सप्टेंबर २००१ मध्ये एफडीएने मर्कला पत्र पाठवलं, औषध बाजारातून गेलं ते थेट ३० सप्टेंबर २००४ ला. म्हणजे धोका लपवला की निदान पत्र तरी यायचं, फायदा फुगवून दाखवणारी टक्केवारी मात्र खरी असल्यामुळे सुटायची. जार्विक यांच्या जाहिराती २००८ मध्ये बंद झाल्या त्यासुद्धा ते प्रॅक्टिस करणारे डॉक्टर नाहीत यावरून, ३६ टक्क्यांवरून नाही.

अमेरिकेतल्या डार्टमथचे संशोधक लिसा श्वार्ट्झ आणि स्टीव्हन वोलोशिन यांनी यावर एक साधा तक्ता सुचवला, औषध घेणारे किती, न घेणारे किती, दोन्हीकडे काय झालं, फायदा आणि त्रास शेजारी शेजारी. २००९ मध्ये त्यांनी त्याची रीतसर चाचणी छापली, लोकांना कळतं हे दाखवलं, एफडीएच्या सल्लागार समितीनेही पाठिंबा दिला, आणि २०११ मध्ये सरकारने अजून अभ्यासाला तीन वर्षं हवीत असं कळवलं. मला या सगळ्यात हीच गोष्ट सगळ्यात जास्त खटकते, तक्ता तयार होता.

आपल्याकडे शेड्यूल एचच्या, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळणाऱ्या, औषधांची लोकांसमोर जाहिरात सरकारी परवानगीशिवाय करता येत नाही, त्यामुळे असे आकडे पोचतात ते एमआरच्या, म्हणजे कंपनीच्या प्रतिनिधीच्या, व्हिज्युअल एडमधून (दाखवायच्या छापील पानांतून) डॉक्टरांपर्यंत. औषध कंपन्यांसाठीच्या २०२४ च्या मार्केटिंग कोडमध्ये तुलना वस्तुनिष्ठ आणि सिद्ध करता येईल अशीच हवी असं म्हटलंय.

अमेरिकेत जून २०२३ मध्ये एफडीएने शेवटी लिहून दिलं की किती जणांपैकी किती हे सांगा, प्लासिबोवाल्यांचा आकडाही द्या, नुसती '३६ टक्के कमी' अशी तुलना देऊ नका. त्याच वर्षी टीव्हीवर साइड इफेक्ट स्पष्ट कसे सांगायचे याचाही नियम आला, तो सक्तीचा आहे. फायद्याच्या आकड्याबद्दलची ही मात्र अजून शिफारसच आहे.